वाईटपणा

ती जिना उतरत होती आणि दादा खालून वर येत होता. वळणावर तिच्या बुटांचा आवाज ऐकून तो थबकला, भिंतीला पाठ लावून बाजूला झाला आणि म्हणाला, "या मॅडम. आधी तुम्ही."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. आयुष्यात त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चिमे, चिमटे, अगं ए, गाढवे, एवढ्यावरच त्याचं भागायचं. लग्न मोडून बॅग घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हाही त्याने एवढंच विचारलं होतं, "आलीस? जेवलीस का?" आणि आज कॉलेजच्या जिन्यात, मागे त्याचे दोन विद्यार्थी उभे असताना, मॅडम. ती थांबली. आता हसेल, मग हसेल. तो हसला नाही. तिच्याकडे बघतही नव्हता. तिच्या डाव्या कानाच्या पलीकडे, भिंतीचा रंग सोलून निघाला होता तिथे कुठेतरी त्याची नजर होती. नको असलेलं माणूस रस्त्यात भेटलं की बघतात तशी, तिरकी. "जिना काय माझ्या एकटीचा आहे का?" ती म्हणाली. "छे हो," दादा म्हणाला, "पण आहे तोवर वापरून घ्या. उद्या हाही बंद व्हायचा." मागचे दोघे फिसकन हसले. ती खाली उतरली. पाय खाली जात होते आणि राग वर चढत होता, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

केबिनचं दार लावून ती बराच वेळ खुर्चीत न बसता उभी राहिली. राग तिला नवा नव्हता. या वर्षी तर सकाळी दात घासावेत तसा तो रोजचाच झाला होता. हे कॉलेज म्हणजे शिकायचं वय उलटून गेलेल्यांचं कॉलेज. कारखाना बंद पडून घरी बसलेले, दुकान बुडालेले, मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या बायका, हे सगळे इथे येऊन वायरिंग शिकत, शिवण शिकत, हिशेब शिकत, दवाखान्यात रुग्णाला उचलून कुशीवर कसं वळवायचं ते शिकत. पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून अनुदानावर चाले. आणि अनुदान या वर्षी तिसऱ्या हिश्श्याने कमी आलं होतं. पैसा आणि कारभार दोन्ही तिच्याकडे, म्हणजे फीपासून संडासाच्या नळापर्यंत जे काही गळतं ते तिचं. तिने व्हरांड्यातले एकाआड एक दिवे काढले. लिफ्ट बंद केली. छपाई बंद केली, खडू मोजून दिले. मास्तरांच्या खोलीत तिचं नाव पडलं, कात्री. एके सकाळी कुणीतरी लाल दोऱ्याने खरीखुरी कात्री तिच्या दाराच्या मुठीला बांधून ठेवली होती. तिने दोरा सोडला, कात्री सामानाच्या कपाटात जमा केली, आणि कारकुनाला सांगितलं की आणखी दोन-चार बांधा म्हणावं, कात्र्यांची खरेदी बंद आहे. कारकून हसला नाही. चहावाल्या बाई तिचा कप सगळ्यात शेवटी ओतत, तळाचा, साय धरलेला. ती तोही पिई. शेवटचा घोट घेऊन कप जोरात ठेवी. तुम्ही मला आवडत नाही, मलाही तुम्ही आवडत नाही, आता हिशेब पूर्ण झाला, असं काहीतरी त्या कपाच्या आवाजात असे आणि दिवस सुरू होई.

पण हा राग वेगळा होता. ह्याला घराचा वास होता, जळालेल्या केसांचा आणि लोखंडाचा. वडील गेले तेव्हा दादाला नुकती मिसरूड फुटली होती. शाळा सोडून तो खिडक्यांचे गज आणि फाटकं बनवणाऱ्या एका माणसाकडे लागला. संध्याकाळी घरी आला की दोन्ही हात पुढे करून बसायचा, आणि ती छोटी वाटी घेऊन त्याच्या चट्ट्यांना मलम लावायची. तिला ते आवडायचं, त्याचं ओठ मिटून बसणं आवडायचं. मग ती शाळेत पहिली आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, दादाच्या चट्ट्यांवर शिकतेय पोरगी. बी.कॉम. झाली तेव्हा दादा स्वतःच म्हणाला, हसत हसत, शर्टाच्या बाह्या वर करून. लग्नात म्हणाला. लग्न मोडलं तेव्हा वहिनी म्हणाली, हसल्याशिवाय. पुढे कॉलेजात ही जागा निघाल्याचं त्यानेच सांगितलं. तो आधीपासून इथे वेल्डिंग शिकवत होता. म्हणजे भाकरी पण त्याच्याच हाताने पुढे सरकलेली. उपकार करणाऱ्याला उपकार विसरता येत नसेल तर निदान घेणाऱ्याला तरी विसरू द्यावं. पण ते चट्टे रोज जेवायच्या टेबलावर तिच्या ताटाशेजारी येऊन टेकत. ती मान खाली घालून जेवत असे, आणि कधीकधी तिच्या मनात येई, एवढंसं, सुईच्या टोकाएवढं, की हे हात एकदा रिकामे बघायचेत. मग ती स्वतःलाच दचकून दुसरा घास घेई.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य गोड माणूस. आवाज मऊ, गालात सतत खडीसाखरेचा खडा. ते कुणाला नाही म्हणत नसत. 'नाही' म्हणायला त्यांनी तिला ठेवलं होतं. "एक विभाग बंद करावाच लागेल," ते म्हणाले. "तुम्ही वेल्डिंगचं वर्कशॉप सुचवलंत, ते कॉलेजभर झालंय. आकडे तुमचे बरोबरच असतात. पण मी म्हणतो, बंधू आहेत तुमचे. घरात कशाला वितुष्ट? आपण रुग्णसेवेचा कोर्स बंद करू. त्या बाई तात्पुरत्या आहेत, एका कागदावर जातील. आरडाओरडा नाही, काही नाही."

"त्यांचा वर्ग भरलेला आहे," ती म्हणाली. "बाहेर बायका नंबर लावून आहेत. शिकलेल्या प्रत्येकीला काम मिळतंय."

"ते आहेच हो." खडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "पण वाईटपणा कुणीतरी घ्यावाच लागतो. तुमच्यासारखं कणखर माणूस आहे म्हणून मला झोप लागते बघा."

ती उठली. रुग्णसेवेच्या बाईंना वाचवायचं तर दादा, दादाला वाचवायचं तर त्या बाई, आणि दोन्ही बाजूंनी शेण तिच्याच तोंडात. दादाला ठेवला तर उद्या सगळे म्हणणार, बघा, कात्रीला भाऊ दिसला की धार जाते. निदान वर्कशॉप स्वतःच्या डोळ्यांनी बघून येऊ, असं तिने मनाशी म्हटलं. खरं तर तिला त्याला जाब विचारायचा होता, मॅडम कुणाला म्हणतोस.

वर्कशॉप इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. दारात लाल पडदा, आत निळा लखलखाट. तिने ठिणगी विझेपर्यंत वाट पाहिली आणि आत गेली. पूर्वी इथे उभं राहायला जागा नसे. आता चार-पाच माणसं, सगळी चाळिशी ओलांडलेली, भिंतीला टेकून उभी होती, आणि एकजण दादाचा कोपर धरून उभा होता. धरून म्हणजे आधार दिल्यासारखा नाही; शाळेत बाई मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तसा. टेबलावर जोडलेल्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते. तिने एक उचलला. दादाचं काम तिला पाठ होतं. कणसातल्या दाण्यांसारखं, एकाला एक लागून, सरळ. आणि हे? सांधा एकीकडे आणि धातूचा ओघळ भलतीकडे, दारुड्याने शिवण घातल्यासारखा. नवशिक्याचं असेल, म्हणून तिने तो ठेवला. तेवढ्यात दादाने तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला आणि तिच्या दिशेने मान वळवली. ती दोन हातांवर होती. वरच्या खिडकीचं ऊन थेट तिच्या तोंडावर होतं.

"कोण आहे?" दादा म्हणाला.

तो थेट तिच्याकडे बघत होता, आणि वाट बघत होता. मग त्याने मान जराशी कलती केली, नजर तिच्या कानापलीकडे नेली, आणि असं तिरकं बघून तिला शोधू लागला. ज्याने कोपर धरला होता तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम आल्यात, सर." एका क्षणात दादाचे खांदे ताठ झाले. "या या," तो म्हणाला. "मोजमाप घ्यायला आलात? टेप आणलीत का?"

सकाळची ती नजर. भिंतीच्या रंगाकडे लागलेली. ती तुच्छता नव्हती तर. काही महिने तो टेबलाशी बसून असाच तिच्या बाजूला बघून बोलत होता आणि ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. आता राग विरघळायला हवा होता. तो विरघळला नाही. तसाच राहिला, फक्त त्याला ठेवायला जागा उरली नाही, आणि ती हातात गरम भांडं घेऊन उभी राहावी तशी त्या शेडमध्ये उभी राहिली.

कोपर धरणारा माणूस तिच्या मागोमाग बाहेर आला. पूर्वी बस चालवायचा, बस कंपनी बंद पडली म्हणून इथे आलेला. त्याच्या मनगटाला पट्टी होती. "काय झालं हाताला?" तिने विचारलं.

"माझीच चूक. मध्ये हात घातला."

"त्यांना दिसत नाही ना?"

तो पडद्याकडे बघत राहिला. "मॅडम, मी जन्मभर बस चालवली. समोरची काच तडकली तरी रस्ता पाठ असतो माणसाला."

"आणि आत बसलेल्यांचं काय?"

त्याने मनगटाची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "अजून एकजण भाजला, तो येत नाही आता. बाकीचे आपणहून कमी झाले. आम्ही राहिलोय ते हात धरून घेतो. असा शिकवणारा दुसरा नाही बघा. नुसत्या आवाजावरून सांगतात, जाड पडलं, पातळ पडलं. तुम्ही कुठे बोलू नका."

रात्रीचं जेवण वाढताना वहिनीने तिच्यापुढे ताट ठेवलं नाही, सोडलं. चमचा उडून खाली पडला. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ऐकली होती," वहिनी भिंतीला उद्देशून म्हणाली, "इथे तर वासे काढून विकायला निघालीत." दादा मान कलती करून जेवत होता. ताटाच्या कडेने बोट फिरवून तो पदार्थ कुठे आहेत ते बघत होता, आणि आजपर्यंत तिला ते चवीने जेवणं वाटत आलं होतं. तिने चमचा उचलला. "दादा," ती म्हणाली, "एकदा डोळे दाखवून घे." टेबलावर क्षणभर काहीच हललं नाही. वहिनीचा वाढणारा हातसुद्धा. मग दादा म्हणाला, "माझे डोळे उघडलेत. आत्ताच उघडलेत. सख्खी बहीण कशी असते ते स्वच्छ दिसायला लागलंय." त्याने पाण्याचा पेला पहिल्याच झटक्यात बरोबर उचलला आणि घटाघटा प्यायला. ती वरच्या खोलीत जाऊन पडली. खरं सांगितलं तर काय होईल? वर्कशॉप वाचेल. दुसरा कुणी तरुण शिकवणारा येईल, कमी पगारात येईल, वर्ग भरेल. आणि दादाला सगळ्यांसमोर डॉक्टरकडे पाठवतील, माणसं हळहळतील, चहावाल्या बाई त्याला हाताला धरून जिना उतरवतील. दादा हळहळीवर दोन दिवस जगणार नाही. आणि न सांगता वर्कशॉप बंद केलं तर वेल्डिंग शिकायला आलेल्या माणसांनी काय घोडं मारलं होतं? तिला दोन्ही उत्तरं चुकीची येत होती, आणि चुकीच्या उत्तरांपैकी तिला एक आवडत होतं हे सगळ्यात वाईट होतं. वर्कशॉप बंद, हे शब्द मनात उच्चारले की जिभेवर काहीतरी गोडसर येई. ते दादाची अब्रू राखण्याचं समाधान होतं की हात रिकामे बघण्याचं, हे तिला त्या अंधारात ठरवता आलं नाही.

कॉलेजच्या संचालक मंडळाची बैठक सकाळीच होती. लांब टेबल, मध्ये अध्यक्ष. साबणाचा कारखाना काढून श्रीमंत झालेले, थोडं बोलणारे. त्यांच्या बाजूला प्राचार्य. शिक्षकांच्या वतीने दादा, इस्त्रीच्या शर्टात, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. त्याच्यासमोर कागद ठेवलेले होते आणि तो ते उलटत होता, बरोबर इतर उलटत तेव्हाच. प्राचार्य रुग्णसेवेचा विषय काढायला लागले तशी ती मध्येच बोलली. माझी शिफारस वर्कशॉप बंद करावं अशी आहे. गॅस परवडत नाही, यंत्रं जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च नव्यापेक्षा जास्त, विद्यार्थी घटले. सगळं खरं होतं. ती आकडे वाचत होती आणि तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीत चाललेल्या पंख्यासारखा ऐकू येत होता. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "विद्यार्थी का घटले? मला एकच सांगा. शिकवणारा बदलला, तर वर्कशॉप चालेल का?"

साबण विकणाऱ्या माणसाने सहज विचारलेला प्रश्न. ती दादाकडे बघू लागली. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता, इतक्या लांबून त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं, तरी त्याने चेहरा तिच्याकडे धरला होता. दोन्ही हात कागदांवर पालथे. तो श्वास घेत नव्हता. लहानपणी मलम लागण्याआधी ओठ मिटून बसायचा, तसा बसला होता. त्याला कळलं होतं की तिला कळलंय. आणि तो घाबरला होता. तिने त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता, आणि तिला ते इतकं किळसवाणं वाटलं, उघड्यावर कुणाचे कपडे सुटावेत तसं, की तिने चटकन डोळे वळवले.

"नाही," ती म्हणाली. "कुणालाही आणलं तरी चालणार नाही. माणसात दोष नाही. खर्चच झेपत नाही."

टेबलाच्या त्या टोकाला श्वास सुटला. तिला तो ऐकू आला. मग खुर्ची मागे सरकली आणि दादा उभा राहिला. "ऐकलंत?" तो म्हणाला. "माणसात दोष नाही म्हणतेय. आयुष्यभर ह्या हातांनी शिकवलं, हिलाही ह्याच हातांनी शिकवलं. नवऱ्याच्या घरी टिकली नाही, माझ्या घरी ठेवून घेतली, तर तिथे बसून माझंच मोजमाप केलं. अहो, हिच्या पोटाला नाही, हिच्या रागाला खायला लागतं! आज माझं वर्कशॉप, उद्या तुमचं हे टेबल खाईल." प्राचार्य खाली बघत होते. कुणीतरी "अगदी बरोबर" म्हणालं. दादा बोलतच राहिला, आणि जसजसा बोलत गेला तसतसा त्याचा आवाज खणखणीत होत गेला, पाठ सरळ झाली. तिने कागद एकावर एक रचले आणि टाचणी लावली. टाचणी तिच्या अंगठ्यात गेली. तिने अंगठा तोंडात धरला नाही.

ठराव मंजूर झाला. रुग्णसेवेच्या बाई दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. "मी आभार मानायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाचवलंत असं उद्या कुठे बोलून दाखवू नका, एवढंच सांगायचंय." ती म्हणाली, "वर्गातला एक पंखा कमी करणार आहे." "वाटलंच," बाई म्हणाल्या, आणि दोघींना त्यातल्या त्यात बरं वाटलं. वर्कशॉपच्या माणसांची सोय तिने नदीपलीकडच्या एका संस्थेत लावून दिली. बसवाला गेला, पण त्याने तिला रस्त्यात ओळख दिली नाही; बोलू नका म्हणून विनवलं ते तिने पाळलं, आणि ह्यासाठी नव्हतं पाळायला सांगितलं, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं. दादाच्या निरोपाला सभागृह भरलं. प्राचार्यांनी खडा गिळून भाषण केलं, काही निर्णय आपल्या हातात नसतात म्हणाले, आणि तिच्याकडे बघायला विसरले नाहीत. दादाला खांद्यावर घेऊन माणसांनी पायऱ्यांवरून खाली नेलं. त्यामुळे त्याला त्या पायऱ्या उतराव्या लागल्या नाहीत. तिने हे खिडकीतून बघितलं, आणि टाळ्या वाजत होत्या तोवर पुढच्या सहामाहीचे विजेचे आकडे तपासत राहिली.

घर तिने त्याच आठवड्यात सोडलं. कुणी जा म्हणालं नाही. नुसता तिचा टॉवेल एके दिवशी दोरीवरून खाली पडलेला मिळाला आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच पडलेला होता. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. दिवसभर डिंकासारखा वास जमिनीतून वर येई. ती त्या वासात जेवे, त्या वासात झोपे, आणि सकाळी उठून कॉलेजात जाऊन काहीतरी आणखी बंद करी. तिला वाटलं होतं, ओझं उतरेल. चट्टे आता ताटाशेजारी नव्हते. पण भांडायला समोर कुणी नसलं की माणूस जेवताना किती आवाज करतो ते कळतं. ती घास चावताना स्वतःलाच ऐकू येई, आणि तिला स्वतःचाच राग येई, एवढ्यासाठी का, एवढ्यासाठी का ते सगळं.

काही महिन्यांनी एका दुपारी दार वाजलं. वहिनी होती. जिना चढून धापा टाकत होती, पण आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून तिने खोली न्याहाळली, गॅस, पलंग, एकच खुर्ची. "बस," ती म्हणाली. "बसायला नाही आले," वहिनी म्हणाली.

"ह्यांना दिसत नाही," वहिनी एकदम म्हणाली. "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मलाही. तुझ्या आधीपासून. चष्मा बदलून आणतो म्हणून एकटेच गेले होते. डॉक्टरांकडची बाई माझ्या ओळखीची. मधलं सगळं जाईल म्हणाली, कडेचं राहील, उपाय नाही. ह्यांना वाटतं, मला पत्ता नाही. मी आपली वाटीची जागा बदलत नाही."

ती बघत राहिली. त्या रात्री हवेत थांबलेला वाढणारा हात तिला आठवला. "मग मला का छळलंस?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याचीच चीड आली. "सगळं माहीत असून ताट आदळलंस माझ्यापुढे."

"मग काय करायचं होतं? तुझ्या गळ्यात पडायचं होतं, त्यांच्यासमोर?" वहिनीही चिडली. "ते रात्रभर जागे असायचे. वर्कशॉपमध्ये कुणाचा जीव जाईल म्हणून घामाघूम व्हायचे, आणि सोडवतही नव्हतं. तू बंद केलंस ते बरं केलंस. पण हे मी तुला कधी म्हटलं असं कुठे बोललीस तर मी साफ नाकारीन." तिने पदराने कपाळ पुसलं. "घरी बसून आता गप्प गप्प व्हायला लागलेत. उठत नाहीत सकाळचे. फक्त तुझा विषय निघाला की उठून बसतात. तावातावाने बोलतात, बोलता बोलता चार घास जास्त जातात. कुणी भेटायला आलं की तेच. पण आता लोक यायचे कमी झाले, आणि मी एकटी किती विषय काढणार?"

"मग?"

"येऊन जात जा अधूनमधून. घरात नको. नुसती समोरच्या रस्त्याने जा. मी सांगेन त्यांना, कात्री गेली बघा मिजाशीत म्हणून. दोन दिवस बरे जातील."

हसावं की दार लावावं हे तिला कळेना. म्हणजे शिव्या खायला येत जा. नेमून. औषधासारखं. "आणि माझं काय?" ती म्हणाली. "मी कुणावर ओरडू?" वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की हा प्रश्न तिच्या यादीत कधीच नव्हता. "पाणी तरी दे," ती म्हणाली, उंबऱ्यातच उभं राहून प्यायली, आणि कठड्याला धरून सावकाश उतरून गेली.

ती त्या रस्त्याला फिरकली नाही. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. मी काय काढा आहे का, असं ती भांडी घासताना मोठ्याने म्हणायची. मग एका रविवारी, भाजी आणायला म्हणून निघाली ती बाजार सोडून दोन रस्ते पुढे गेली, आणि कोपऱ्यावर येताच तिला दादाचा आवाज ऐकू आला. तो कुंपणाशी उभा होता, दोन्ही मुठी वळलेल्या. "लाज कशी वाटत नाही या रस्त्याने चालायला!" तो ओरडत होता. "भावाच्या पोटावर पाय देऊन वर तोंड करून फिरतेस! बघतेस काय? ओळखत नाहीस मला?" आणि त्याच्यासमोर, रस्त्याच्या मधोमध, एक बाई उभी होती. तिच्याच बांध्याची, तिच्यासारखाच करडा कोट, खांद्यावर तशीच पिशवी. कधीच न पाहिलेली बाई. भांबावून ती इकडेतिकडे बघत होती. "अहो, तुम्ही मला…" ती बोलू लागली.

परका आवाज ऐकून दादाचं तोंड उघडंच राहिलं. त्याची मान कलती झाली, एका बाजूला, मग दुसऱ्या. दारात वहिनी येऊन उभी राहिली होती आणि तिने हात तोंडावर घेतला होता. समोरच्या घरातला माणूस खिडकीत आला होता. आता कुणीही काही म्हणालं असतं, त्या बाईने नुसतं "मी ती नाही" म्हटलं असतं, की सगळं उघडं पडलं असतं.

"ओरड, ओरड!" ती कोपऱ्यावरून मोठ्याने म्हणाली. झपझप चालत ती त्या बाईच्या मागे येऊन उभी राहिली. "ह्यांच्या मागे उभी राहून सगळं ऐकतेय मी. संपू दे तुझं."

दादाचा चेहरा आवाजाकडे वळला. एक श्वास मध्ये गेला, आणि त्या श्वासात काय होतं ते तिने बघायचं टाळलं. "मागेच उभी राहणार तू!" तो कडाडला. "जन्मभर कुणाच्या तरी मागे! पुढे ये, हिंमत असेल तर!"

"आले. बोल."

"तुम्हाला नव्हतं हो ते, जा तुम्ही," वहिनीने त्या बाईला हाताने खूण केली, आणि ती बाई पिशवी छातीशी धरून निघून गेली. दादा पोटावर पाय म्हणाला, वासे म्हणाला, नवऱ्याचं घर म्हणाला. आणि ती, जी ऐकून घ्यायला आली होती, ती पहिल्यांदाच उलटून बोलली. इतकी वर्षं घासाबरोबर गिळलेलं सगळं वर आलं. "तुझे हात, तुझे चट्टे! किती वर्षं दाखवशील? मी मागितलं होतं का तुझ्याकडे शिक्षण? लहान पोरीला वाटी घेऊन बसवलंस, अजून उठू दिलेलं नाहीस!" तिचा घसा फाटत होता आणि छाती मोकळी होत होती. तिने सगळं काढलं, मॅडम काढलं, खांद्यावरची मिरवणूक काढली, दोरीखाली पडलेला टॉवेल काढला. एक गोष्ट जिभेच्या टोकाशी येऊन थांबे, दर वेळी ती त्याच्या तिरप्या मानेकडे बघे, ती गिळे, आणि दुसरी भलतीच काढून त्याच्या अंगावर फेके. तोही काहीतरी गिळत होता. मध्येच अडखळून, चुकून बोलेन की काय अशा घाईने, तो पुन्हा जुनंच भांडण उचली. खिडक्या एकेक उघडत गेल्या.

"जेवण गार होतंय," वहिनी दारातून ओरडली.

"होऊ दे!" दादा म्हणाला. "माझं अजून संपलेलं नाही."

"माझं तरी कुठे संपलंय," ती म्हणाली, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून आणखी जवळ सरकली.